पावसाळ्यात पट्ट्यांची झडप अडते? रंधा मारण्याआधी हे तपासा

ऑगस्टमध्ये झडप लागत नाही म्हणून मिस्त्रीला बोलवायचं, त्यानं कडेवर रंधा मारायचा, आणि मे महिन्यात त्याच कडेच्या फटीतून ऊन अन् धूळ घरात यायची. पुढच्या पावसाळ्यात झडप पुन्हा अडते, पुन्हा रंधा. मराठवाड्यात लाकडी पट्ट्यांच्या झडपा, म्हणजे दुकानदार ज्यांना प्लँटेशन शटर म्हणतात त्या, बसवलेल्या घरांत हे सर्रास चालतं. काही वर्षांनी झडप इतकी अरुंद होते की बदलण्यावाचून इलाज राहत नाही, आणि चांगलं सागवान वाया जातं. ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. अडण्याचं कारण लाकडात आहे, भिंतीत आहे की बिजागरीत, हे आधी ओळखा. रंधा सगळ्यात शेवटी.

अडते कोणत्या महिन्यात?

पहिला प्रश्न हाच विचारायचा. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की घरातल्या लाकडात ओल जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास उरते. श्रावणात तीच १५ टक्क्यांपर्यंत चढते. कोकणात हवा बाराही महिने दमट असल्यामुळे लाकडाची ही चढउतार आपल्याइतकी नसते. म्हणून तिकडच्या घरात वर्षानुवर्षं नीट चाललेल्या झडपेचं माप जसंच्या तसं लातूर-परभणीत वापरलं की त्रास होतो.

आता थोडा हिशोब, कारण सगळं त्यावरच आहे. ओल १ टक्क्यानं वाढली की साधा कापलेला साग रुंदीला साधारण ०.१८ टक्के फुगतो. म्हणजे मे ते ऑगस्ट झडपेच्या बाजूचं ७५ मिलीमीटर रुंदीचं उभं लाकूड सुमारे १ मिलीमीटरनं वाढतं. दोन झडपांच्या खिडकीत अशी चार उभी लाकडं असतात, म्हणजे एकूण ४ मिलीमीटर. मिस्त्रीनं उन्हाळ्यात चारी बाजूंनी घट्ट, देखणी बसवलेली झडप श्रावणात का अडते, ते यात आलं.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. झडपेची उंची ठरते उभ्या लाकडाच्या लांबीवर, त्यामुळे झडप रुंदीला वाढते, उंचीला वाढत नाही. झडप खाली ग्रॅनाइटच्या पट्टीवर किंवा वर चौकटीला घासत असेल, तर लाकडाच्या फुगण्याला दोष देऊ नका. तिथे बिजागरी तरी सैल आहे, सांधा तरी सुटला आहे, नाहीतर चौकट हलली आहे. अशा झडपेला खालून रंधा मारणं म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

झडप मे महिन्यातच अडत असेल तर ती बहुधा पीव्हीसीची असते. पीव्हीसीला ओलीचं काही नाही, पण उष्णतेनं ती लांबीलाही वाढते. मावळतीकडच्या खिडकीत काचेमागे तापमान ४० अंशांनी चढलं तर एक मीटरचा तुकडा अडीच-तीन मिलीमीटरनं लांबतो. म्हणून पीव्हीसीच्या पट्ट्यांची टोकं उन्हाळ्यात दुपारी बाजूच्या उभ्यांना घासतात आणि रात्री मोकळी होतात. लाकडाची पट्टी लांबीला वाढत नसल्यामुळे तिच्या टोकांना हा त्रास होत नाही.

लाकडी झडप असूनही मेमध्ये अडत असेल तर खोलीत कूलर कुठे आहे ते पाहा. आपल्याकडे डेझर्ट कूलर एका खिडकीत बसवतात आणि त्याची ओली हवा दिवसरात्र शेजारच्या झडपेवर येते. घरातल्या बाकीच्या झडपा आकसलेल्या असताना ती एकटी फुगते. तिला रंधा मारू नका. कूलरचं तोंड वळवा आणि समोरची एक खिडकी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. कूलर बंद झाल्यावर झडप हळूहळू आपोआप सुटते. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर क्षारांचे पांढरे डागही दिसतील. ते ओल्या फडक्यानं लगेच पुसा, साचू देऊ नका.

खडू आणि टेप

महिना कळला, आता जागा शोधा. शाळेतला रंगीत खडू झडपेच्या कडेवर सगळीकडे घासा, झडप जमेल तितकी लावा आणि उघडा. चौकटीवर जिथे रंग उमटला तिथे ती अडते.

कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखा रंग उमटला, तर लाकूड फुगलं आहे. फक्त एका कोपऱ्यात उमटला, तर टेप काढा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे वरचा डावा ते खालचा उजवा कोपरा आणि वरचा उजवा ते खालचा डावा. मग झडपेचेही दोन्ही कर्ण मोजा. चौकटीचे सारखे आणि झडपेचे वेगळे निघाले, तर झडपेचा सांधा सुटून ती गुण्यातून, म्हणजे काटकोनातून, गेली आहे. झडपेचे सारखे आणि चौकटीचे वेगळे, तर भिंत हलली आहे. दोन्हीचे सारखे असूनही कोपरा घासत असेल, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल आहेत. झडप अर्धी उघडून कडीकडून वर उचलून पाहा, बिजागरी हलताना दिसेल. जुना स्क्रू काढून ५० मिलीमीटरचा स्टेनलेस स्क्रू मारा. भोक मोठं झालं असेल तर त्यात सागाची बारीक काडी फेव्हिकॉल लावून ठोका, वाळू द्या, मग स्क्रू घ्या. दहापैकी कितीतरी झडपा एवढ्यावर सुटतात.

तीन बाय चार फुटांच्या खिडकीचा कर्ण बरोबर पाच फूट यायला हवा, हे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असतं. अशा खिडकीत दोन कर्णांत ६ मिलीमीटरचा फरक निघाला, तर चौकटीचा माथा तळापेक्षा सुमारे ५ मिलीमीटर सरकला आहे. एवढं सरकणं कुठल्याही झडपेला झेपत नाही.

भिंत हलत असेल तर

मराठवाड्याच्या झडपांबद्दल लिहिताना काळ्या मातीबद्दल लिहावंच लागतं. आपली रेगूर जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतातल्या भेगा आपण दर वैशाखात पाहतो. तीच माती घराखालीही असते. पाया त्या हलणाऱ्या थरात उथळ घातलेला असेल, तर घराचा एखादा कोपरा पावसाळ्यात वर उचलला जातो आणि उन्हाळ्यात खाली बसतो. खिडकी हे भिंतीतलं मोकळं भोक, त्यामुळे ताण तिच्या कोपऱ्यांवर येतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दिसली, तर झडपेचं दुखणं झडपेत नाही.

खात्री करायची तर कर्ण वर्षातून दोनदा मोजा, मेच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये. आकडे तारखेसह चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर रुंद पट्टा आडवा लावा आणि त्यावरही तारीख घाला. तो तडकला तर भेग अजून जिवंत आहे. न तडकता वर्षभर टिकला तर घर स्थिरावलं आहे आणि झडपेचं काम बिनधास्त हाती घ्या.

एकच खिडकी बाराही महिने त्रास देते आणि बाकीच्या ठीक आहेत, असंही होतं. तेव्हा त्या भिंतीच्या बाहेर जाऊन बघा. न्हाणीचं पाणी तिथे मुरतं का, कूलरची नळी भिंतीच्या बुडाशी सोडली आहे का, पन्हाळीचं पाणी तिथेच पडतं का, पाइप गळतो का. एकाच जागी माती कायम ओली राहिली की तेवढाच कोपरा उचलला जातो. घराभोवती बाहेर उतार देऊन मीटरभर रुंदीची फरशी किंवा काँक्रीटचा पट्टा केला, पाणी लांब नेलं, तर हालचाल बरीच कमी होते. भिंतीला लागून मोठं झाड असेल तर उन्हाळ्यात त्याची मुळं तिथली ओल ओढून घेतात, तेही लक्षात घ्या. नवीन घर बांधणार असाल तर इंजिनिअरशी अंडर-रीम्ड पाइलबद्दल आधीच बोला. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेली ही पायाची पद्धत अशाच मातीसाठी आहे. खालच्या टोकाशी फुगवटा असलेले खांब हलणाऱ्या थराच्या खाली नेतात, साधारण साडेतीन मीटरपर्यंत.

चौकट थोडी हलणारच असेल तर झडप थेट तिला जखडू नका. आत स्वतंत्र हलकी चौकट बनवा, मूळ चौकटीपेक्षा चारी बाजूंनी ८ ते १० मिलीमीटर लहान. झडपा तिच्यातच गुण्यात बसवून आणा. ती चौकट पॅकिंगच्या पाचरी घालून मूळ चौकटीत उभी करा. स्क्रूसाठी गोल भोकं न पाडता लांबट भोकं पाडा, म्हणजे बाहेरची चौकट सरकली तरी आतली वाकणार नाही. मधली फट सिलिकॉननं भरा. सिमेंट आणि पुट्टी तिथे चालत नाही, ती एका पावसात तडकते. वरून बीडिंगची पट्टी आतल्या चौकटीलाच ठोका, भिंतीला नको. झडपा बाहेरून थोड्या अरुंद दिसतील, पण माझ्या मते काळ्या मातीवरच्या घरात दुसरा शहाणा मार्ग नाही.

लाकूडच फुगलं असेल तर

आता खरा पावसाळी आजार. आधी मोबाइलचा कॅमेरा झडपेखाली धरून खालच्या कडेचा फोटो काढा. वरच्या कडेचाही काढा. बहुतेक फोटोंत कोरं, बिनरंगाचं लाकूड दिसतं, कारण झडप आधी टांगली जाते आणि रंगारी नंतर येतो. जिथे हात पोहोचत नाही तिथे ब्रशही पोहोचत नाही. उभ्या लाकडाची टोकं नेमकी तिथेच असतात, आणि लाकूड टोकातून सगळ्यात भराभर ओल पितं. बिजागरीची खाच आणि कडी बसवायला पाडलेली भोकंही अशीच कोरी राहतात. रंध्यानं सोललेली कड तर दरवर्षी नव्यानं कोरी होते. म्हणजे ज्या रंध्यानं झडप सोडवली, त्यानंच पुढच्या वर्षी ती जास्त फुगायची सोय करून ठेवली.

पॉलिश किंवा रंग ओल पूर्ण अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतो. पण आपला खरा दमट काळ जेमतेम काही महिन्यांचा. तेवढा काळ वेग कमी राहिला तरी लाकूड पूर्ण फुगायच्या आत हवा पुन्हा कोरडी होऊ लागते.

ऑगस्टमध्ये अडली असेल तर तेव्हा फक्त वेळ काढा. घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळा. झडप जोर लावून बंद करू नका, सांधे उकलतात. आत-बाहेर पंख्याची हवा खेळू द्या. नोव्हेंबरमध्ये, पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर, झडप उतरवा. तेव्हाही फट पुरेशी नसेल तरच हात लावा, आणि तोही आधी बिजागरीच्या खाचेला. पटाशीनं खाच १ मिलीमीटर खोल केली की झडप तेवढी बिजागरीकडे सरकते, कडीकडे फट मिळते आणि लाकूड जात नाही. एवढ्यानं भागलं नाही तर रंधा, तोही बिजागरीच्या बाजूला, कारण कडीच्या बाजूची कड सोलली की कडी पुन्हा बसवावी लागते. मग सगळ्या कडा, टोकं आणि खाचा त्याच दिवशी सीलरनं बंद करा आणि त्यावर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन हात द्या. उतरवलेली झडप कोरी ठेवून रंगाऱ्याची आठवडाभर वाट पाहू नका.

पट्ट्या फिरत नाहीत, किंवा फिरवल्या की खाली पडतात

पट्ट्या अडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण रंग. झडप जोडल्यावर रंग दिला की तो पट्टीच्या टोकाशी आणि पट्टी जिच्यावर फिरते त्या पिनेभोवती साचतो, आणि दमट हवेत ऑइलपेंटला ऑइलपेंट चिकटतो. पातळ पात्याच्या सुरीनं टोकांजवळचा रंग कापा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, मेण लावा. नवीन झडपेत प्रत्येक पट्टी जोडण्याआधीच रंगवून घ्या आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मिलीमीटर जागा सोडा.

दुसरं कारण लाकडी पिना. गोल केलेली लाकडी पीन पावसात भोकात फुगून बसते. तिच्याऐवजी पितळी किंवा नायलॉनची पीन घाला. लोखंडी खिळ्याचं डोकं कापून पीन करायची सवय सोडा, गंजला की तोही धरतो आणि सागावर काळा डाग पडतो.

पट्ट्या उघड्या राहत नसतील तर उभ्या लाकडाच्या कडेला ताणाचा, म्हणजे पट्ट्यांची पकड घट्ट-सैल करणारा, स्क्रू आहे का पाहा. असेल तर पाव-पाव फेरा आवळत जा. जास्त आवळलात तर पीन तुटेल. स्क्रूच नसेल तर दोन-तीन पट्ट्यांच्या पिनांवर पातळ नायलॉन वॉशर घाला. सगळ्या पट्ट्या एकत्र फिरवणाऱ्या दांडीचे यू-खिळे उपटून येत असतील तर दोष खिळ्याचा नसतो, एखादी पट्टी घट्ट असते आणि सगळा जोर तिच्या खिळ्यावर येतो. ती पट्टी शोधून मोकळी करा, मग खिळा जरा बाजूला नव्या जागी मारा.

नवीन करून घेताना

साग घेताना पांढरट, कच्चा भाग नको. वाळवी तोच आधी धरते. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला सागाचं जंगल आहे, पण बाजारात मिळणारा बराच साग परदेशी लागवडीचा, कमी वयाचा असतो आणि त्यात कच्चा भाग जास्त निघतो. फळीचं टोक बघून घ्या. वलयांच्या रेषा रुंदीला काटकोनात उभ्या दिसल्या तर ती फळी निम्मीच फुगते, कमानीसारख्या आडव्या दिसल्या तर पूर्ण. उभ्या लाकडांसाठी तरी उभ्या रेषांची फळी निवडा. रंग द्यायचा असेल तर शिवण घ्या, हलकी आहे आणि फारशी वाकत नाही. बाभूळ टणक, पण जड आणि तडकणारी, झडपेला नको. एमडीएफ दिसायला गुळगुळीत, पण कडेला एकदा पाणी लागून फुगला की पुन्हा बसत नाही.

ओल मोजायचं छोटं यंत्र मिस्त्रीकडे असेल तर १० ते १२ टक्क्यांचं लाकूड मागा. तो आपल्या मे आणि ऑगस्टचा मध्य आहे. फट मात्र महिना बघून सोडा. मेमध्ये बसवत असाल तर दोन झडपांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना ३-३ मिलीमीटर, ऑगस्टमध्ये बसवत असाल तर १ ते दीड. फरशी बसवणारे वापरतात ते प्लास्टिकचे स्पेसर फटीत अडकवले की अंदाजाचं काम राहत नाही. झडप दोन फुटांपेक्षा रुंद करू नका, वजनानं लोंबते. रुंद खिडकीला झडपा वाढवा.

भिंतीत झडपेला आतपर्यंत किती जागा आहे, हा प्रश्न मापाआधी सोडवा. जुन्या माळवदाच्या घरांत हात-दीड हात जाडीच्या भिंती होत्या, खिडकीत बसायला जागा मिळायची. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या जाड भिंतींची धास्ती बसली ती योग्यच होती. आताच्या नऊ इंची भिंतीत ग्रील, तीन ट्रॅकची स्लाइडिंग आणि डासांची जाळी बसल्यावर आत थोडीच जागा उरते. ३० मिलीमीटर जाड झडपेत ८९ मिलीमीटरची पट्टी आडवी केली की ती मागे ३० मिलीमीटर बाहेर येते. ६३ ची पट्टी १७ मिलीमीटरच येते. जाळीचं हँडल पट्टीला अडत असेल तर कितीही रंधा मारला तरी उपयोग नाही, पट्टी लहान घ्या. रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा.

मावळतीच्या खिडकीला झडप काचेच्या आत बसवली तर उजेड अडतो, पण ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. उष्णता अडवायची असेल तर झडप काचेच्या बाहेर हवी. तिला फिका रंग द्या. गडद पॉलिशची बाहेरची बाजू दुपारभर तापून सुकते, आतली तशीच राहते आणि झडप पिळते. पिळलेली झडप कुठल्याही महिन्यात नीट लागत नाही.

नवं घर काळ्या मातीवर असेल तर, धीर धरता येत असेल तर, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. तोवर पडदे चालतील. भिंतींची ओल उतरते, घर जेवढं हलायचं तेवढं हलून दाखवतं, कर्णांचे दोन आकडे हातात येतात. आणि खिडकीच्या कोपऱ्यातली भेग ५ मिलीमीटरपेक्षा रुंद झाली किंवा दरवर्षी वाढत चालली, तर सुताराला नाही, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.